काउंटरवर कुणी ‘बहात्तरवाली गोळी’ मागितली की

आमचं मेडिकल इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला आहे. समोर कोचिंगची मुलंमुली, मागच्या गल्लीत जुनी मराठी बिऱ्हाडं, त्यामुळे ही गोळी, म्हणजे संबंध आल्यावर गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी, मागणारे सगळ्या वयांचे आणि सगळ्या घरांतले असतात. डी.फार्म. करून नवी मुलं माझ्याकडे काउंटरला उभी राहतात, त्यांना मी सुरुवातीलाच जे शिकवते ते इथे लिहिते आहे. या गोळीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. म्हणजे त्या बाईला त्या दिवशी औषधातलं जाणणारं जे एकच माणूस भेटणार, ते आपण.

आधी आवाज. ती हळूच म्हणते, “दीदी, वो बहत्तर वाली…” आणि आपण रॅककडच्या पोराला ओरडून आय-पिल (या गोळीचा एक ब्रँड) काढायला सांगितली, तर पुढचं काही विचारायची सोय उरत नाही. ती पैसे ठेवून निघून जाते. तिला काउंटरच्या टोकाला, बीपीचं मशीन ठेवतो तिकडे बोलवा. लग्न झालंय का, कुठे राहतेस, नाव काय, यातलं काहीही औषध द्यायला लागत नाही. गळ्यात मंगळसूत्र आहे का हेही बघू नका. नजर कुठे गेली ते बायकांना लगेच कळतं.

मग पहिला प्रश्न: “कितने घंटे हुए?” सगळं यावर अवलंबून आहे. गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, आणि ते स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवतं. पुरुषाचे शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात. बीज तेवढा वेळ अडलं तर गाठ पडत नाही. पण बीज सुटून गेलेलं असेल तर गोळी काही करू शकत नाही. म्हणून ७२ तास हातात आहेत असं समजून थांबू नका. बाराव्या तासाला घेतलेली गोळी साठाव्या तासाच्या गोळीपेक्षा कामाची. “रात को खा लूँगी” म्हणाली तर पाण्याचा ग्लास पुढे करा आणि इथेच घ्यायला सांगा.

७२ तास उलटले असतील तर तिला नुसतं परत पाठवू नका. १२० तासांपर्यंत गोळीचा थोडा उपयोग होऊ शकतो, पण त्या वेळी खरा उपाय कॉपर-टी. पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि पुढे वर्षानुवर्षं चालते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. मी एमवाय किंवा एमटीएच या इथल्या सरकारी रुग्णालयांत जायला सांगते, आणि आजच जा, असंही सांगते.

दुसरा प्रश्न पाळीचा. तारीख उलटून गेली असेल तर आधी प्रेगन्सी टेस्ट किट द्या, सकाळच्या पहिल्या लघवीवर करायला सांगा. राहिलेला गर्भ ही गोळी पाडत नाही, आणि चुकून घेतली तरी त्या गर्भाला इजा केल्याचं दिसलेलं नाही. इथेच एक मोठी गल्लत होते. “पीरियड लाने वाली गोली दे दो” म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलचा किट हवा असतो. तो गर्भपाताचा, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही म्हणजे नाही, कितीही गयावया केली तरी. पण ‘नाही’ म्हणून तिथेच थांबू नका. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित बाईलाही लागू आहे, हे तिला सांगा. पुष्कळ मुलींना हे माहीतच नसतं, आणि त्या भीतीपायी भलत्याच्या हाती पडतात.

तिसरा प्रश्न आपल्याशिवाय कुणी विचारणार नाही: दुसरी कुठली औषधं चालू आहेत? टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, एचआयव्हीचं इफाव्हिरेंझ. यांच्यामुळे यकृत ही गोळी भराभर मोडून टाकतं. औषध बंद करून चार आठवडे झाले नसतील तरीही तेच. अशा बाईला कॉपर-टी सुचवा. ते जमणार नसेल तर डॉक्टरांशी फोनवर बोलून दुप्पट मात्रा, म्हणजे दोन गोळ्या एकदम. वजन ७० किलोच्या वर असेल तरीही गोळीचा जोर कमी पडू शकतो, तिथेही कॉपर-टीचं नाव काढा. टीबीचं कुणी आपणहून सांगत नाही. “कोई रोज़ की दवाई चल रही है?” असं साधं विचारलं की सांगतात.

मुलगा किंवा नवरा घ्यायला आला तर त्याला यातलं निम्मं माहीत नसतं. त्याला तिला फोन लावायला सांगा आणि फोन आपण घ्या. मी दर वेळी तेच करते. पहिल्यांदा ते बिचकतात, पण लावतात.

गोळी देताना सांगायचं ते असं. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी. मळमळ, डोकं दुखणं, स्तन जड होऊन दुखणं, अधेमधे थोडं रक्त दिसणं हे दोन-चार दिवसांत जातं. पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. त्याहून लांबली तर टेस्ट. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. आणि सगळ्यांत जास्त निसटणारी गोष्ट: गोळी झालेल्या प्रसंगापुरती आहे. बीज लांबलंय, थांबलेलं नाही, म्हणून त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर धोका वाढलेला असतो. कंडोम त्याच वेळी द्या. मी लिफाफ्यावर फक्त एक तारीख लिहून देते, तीन आठवड्यांनंतरची, टेस्ट करायची. हॉस्टेलवर कुणी लिफाफा बघितला तरी त्यातून काही कळत नाही.

तीच मुलगी पुन्हा पुन्हा आली तर रागावू नका. या गोळीने वांझपण येत नाही, ही अफवा तुम्ही तरी पसरवू नका. पण दर वेळी हिच्यावर भिस्त ठेवली तर पाळीचा ताळ सुटतो आणि एखाद्या महिन्यात फसतं. तिला रोज घ्यायची माला-एन गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी यांबद्दल सांगा. छाया लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट.

एखादी मुलगी मान वर करत नाही, हात थरथरत असतात. तेव्हा हळू विचारा, “किसी ने ज़बरदस्ती तो नहीं की?” हो म्हणाली तरी गोळी आधी द्या, बाकीचं नंतर. अशा मुलीवर फुकट उपचार करणं सरकारी-खाजगी प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे, आणि एचआयव्ही टाळायच्या औषधालाही ७२ तासांचीच मुदत असते. मदतीला १८१, ही बायकांची हेल्पलाइन. वय १८ च्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. तिला ते आधी सांगा, मग कळवा; मदतीला १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही लावा.

आणि माल संपू देऊ नका. शनिवारी दुपारी दवाबाजारातून येणाऱ्या ऑर्डरीत ही गोळी बघून घ्या, कारण रविवारी मागणी असते आणि होलसेल बंद. तरीही संपलीच तर “कल आना” म्हणू नका. शेजारच्या मेडिकलला फोन करून आहे का ते विचारा, आणि तिला तिकडे पाठवा.