पेटी भरणाऱ्याला गिऱ्हाइकाचा नंबर कशाला?

रत्नागिरी-देवगडकडचा बागायतदार हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवू लागला की ऑर्डरींचा हिशेब बहुधा गुगल शीटमध्ये येतो. मार्च ते मे हाताखालची माणसं वाढतात आणि एकच लिंक सगळ्यांच्या मोबाइलवर फिरते. नाव, पत्ता, फोन, भाव, उधारी सगळं उघडं.

आधी कागद घ्या आणि कोणाला काय लागतं ते लिहा. पेटी भरणाऱ्याला ऑर्डर नंबर, फळाचा आकार आणि डझन पुरे. माल पोचवणाऱ्याला नाव, पत्ता, फोन. भाव आणि येणी फक्त हिशेब ठेवणाऱ्याला.

मग शेअरमध्ये जाऊन ‘लिंक असलेला कोणीही’ बंद करा आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर बोलवा. सगळ्यांनी एकच खातं वापरलं तर भाव कोणी बदलला ते व्हर्जन हिस्टरीतही, म्हणजे शीटमधल्या बदलांच्या नोंदीतही, कळत नाही. फक्त बघणाऱ्याला व्ह्यूअर, लिहिणाऱ्यालाच एडिटर. एडिटर पुढे आणखी कोणालाही आत घेऊ शकतो. शेअरच्या सेटिंगमध्ये त्या परवानगीपुढची खूण काढा. व्ह्यूअरसाठी डाउनलोड, प्रिंट, कॉपीचीही काढा. स्क्रीनच्या फोटोला मात्र इलाज नाही.

बहुतेकांची गफलत पुढे होते. फोनचा रकाना लपवला म्हणजे सुरक्षित झाला, असं नाही. एडिटर तो उघडतो, आणि कॉपी चालू असेल तर व्ह्यूअरही आपली प्रत काढून उघडतो. ‘प्रोटेक्ट रेंज’ने खाडाखोड थांबते, वाचणं नाही. म्हणून पेटीवाल्यांची फाइलच वेगळी करा आणि तिच्यात इंपोर्टरेंजने, म्हणजे दुसऱ्या शीटमधली माहिती ओढून आणणाऱ्या सूत्राने, लागतील तेवढेच रकाने आणा. या फाइलीत त्यांना व्ह्यूअरच ठेवा, कारण इथला एडिटर सूत्र बदलून मूळ शीटमधलं काहीही ओढू शकतो. ‘पेटी भरली’ ही नोंद गुगल फॉर्मवर घ्या.

मूळ शीट कोणाच्या खात्यावर आहे तेही बघा. बरेचदा ती पुतण्याने बनवलेली असते, आणि पुतण्या जूनमध्ये पुण्याला. मालकी धंद्याच्या खात्याकडे घ्या, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, लावा.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा शेवटचा पगार देताना शेअरची यादी उघडा आणि त्या माणसाचं नाव तिथल्या तिथे काढा, पेटीवाल्यांच्या फाइलीतूनसुद्धा.