ऑनलाइन कोणी छळत असेल तर काय करायचं: मुस्लिम स्टुडंट्ससाठी

रात्री क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी तुझा फोटो एडिट करून टाकला, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि ते परत परत उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. आधी फोन उलटा ठेव, उठ आणि वुजू कर.

मक्केत लोक नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनाही वेडा, जादूगार म्हणायचे. सूरह हिज्रच्या शेवटी (आयत 97-98) अल्लाह त्यांना सांगतो की यांच्या बोलण्याने तुमचं मन कोंडतं हे आम्हाला माहीत आहे, तर आपल्या रबची तस्बीह करा आणि सजदा करणाऱ्यांत राहा. म्हणजे त्रास होतोय म्हणून तुझं ईमान कच्चं असं अजिबात नाही. दोन रकात पढ, नंतर दुआत घरी बोलतोस त्याच भाषेत सगळं सांग, रडू आलं तर येऊ दे.

मग स्क्रीनशॉट. ब्लॉक करायच्या आधी काढायचे हां, प्रोफाइलचं नाव, तारीख, लिंक सगळं दिसलं पाहिजे. उलट शिव्या घालू नको, फेक अकाउंट काढून बदला तर नाहीच, सूरह हुजुरातमध्ये (आयत 11) थट्टा करायला, वाईट नावं ठेवायला मनाई आहे ती त्यांना तशी आपल्यालाही.

आता खरं अवघड काम, सांगणं. गोवा एवढुसा, फोंड्यातली गोष्ट संध्याकाळपर्यंत मडगावला पोचते, म्हणून घरचे म्हणतात सबर कर, कशाला वाढवतोस. पण सूरह निसाच्या 148व्या आयतीत वाईट बोलणं उघड करायची मनाई आहे तिथेच ज्याच्यावर जुलूम झाला त्याला सूट दिलीय. तेव्हा अम्मी-अब्बांना, विश्वासातल्या टीचरना सांग, मशिदीतले मौलाना ऐकून घेणारे असतील तर त्यांनाही बरोबर घे. 18 च्या आत असशील तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन कर. फोटोचा गैरवापर, धमकी असेल तर नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार होते, नाहीतर घरच्यांबरोबर थेट रायबंदरच्या सायबर क्राइम पोलीस स्टेशनला जा.

झोपताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि हजरत फातिमांना शिकवलेली तस्बीह पढ, 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 अल्हम्दुलिल्लाह, 34 अल्लाहु अकबर. आणि जगूच नये असं वाटायला लागलं तर सकाळची वाट बघू नको, घरात कोणालातरी उठव, मन खचलं तर बोलायची सरकारी हेल्पलाइन टेली मानसचा 14416 फ्री आहे, रात्रीही उचलतात.