‘डॉक्टर, किती दिवस?’ : स्कोअर काढताना या चुका टाळा

फुप्फुसाभोवती कॅन्सरचं पाणी झालेला पेशंट आला की हल्लीचे रेसिडेंट आधी मोबाइल काढतात. आयुष्य किती उरलंय याचा अंदाज देणाऱ्या लेंट स्कोअरमध्ये चार गोष्टी भरल्या (पाण्यातला एलडीएच हा एन्झाइम, हिंडण्याफिरण्याची ताकद म्हणजे ईकॉग, रक्तातलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट प्रमाण, कॅन्सरचा प्रकार; गुण जास्त तितकं वाईट), नातेवाइकांना दिवस सांगितले, मोकळे. 2014 साली आलेला हा स्कोअर मीही वापरतो, पण रात्री अकराला नाही.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पाणी काढायच्या आधीच ईकॉग (0 म्हणजे ठणठणीत, 4 म्हणजे अंथरुणाला खिळलेला) ठरवणं. एक आजोबा असेच रात्री आले. फुप्फुसाचा कॅन्सर, उजवी बाजू पाण्याने भरलेली, उशीवर ओणवे बसलेले, एक वाक्य पुरं होईना. बाहेर कुणीतरी डेक्सा (स्टेरॉइड) टोचून पाठवलेलं. रेसिडेंटचा हिशेब : फुप्फुसाचे 2, ईकॉग 4 म्हणून 3, न्यूट्रोफिल 88 भागिले लिम्फोसाइट 8 म्हणजे 11, नऊच्या वर म्हणून 1. पाणी काढलेलंच नव्हतं, म्हणून एलडीएच न धरता एकूण 6. वाईट गट, मीडियन आयुष्य 44 दिवस. मुलाला जिन्यात गाठून ‘दीड महिना’ सांगून झालं.

सकाळी सव्वा लिटर पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः कँटीनला जाऊन चहा पिऊन आले. डेक्साने न्यूट्रोफिल चढतात; त्याआधीचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) फाइलमध्ये मागे टाचलेला होताच : 72 आणि 18, म्हणजे 4. ईकॉग फार तर 1. एलडीएचचा 0. नव्याने बेरीज 3, मधला गट, मीडियन 130 दिवस. तोवर मुलाने दुबईच्या बहिणीला तिकीट काढायला लावलं होतं.

मी पाणी काढल्यावर दुसऱ्या सकाळी, पेशंट संडासला चालत जाताना लांबून बघतो आणि मग ईकॉग लिहितो. स्टेरॉइड चालू असेल तर जुना सीबीसी शोधतो.

एलडीएच पाण्याचा घ्यायचा, रक्ताचा नव्हे. 1500 च्या वर 1 गुण, ही रेघ पाण्यासाठी आहे.

पाणी कॅन्सरचंच आहे हे ठरलेलं नसेल तर स्कोअर काढूच नका. पाण्यात लिम्फोसाइट भरपूर आणि एडीए (टीबीत वाढणारा एन्झाइम) चढलेला असेल तर आपल्याकडे आधी टीबी आठवावा. कॅन्सरच्या पेशंटलाही टीबी होतो.

जनुकांचा रिपोर्ट यायच्या आत आकडा सांगणं, हेही तसंच. लेंट फुप्फुसाच्या कॅन्सरला सरसकट 2 गुण देतो. ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल त्याच्या हिशेबात नाहीत. त्या बदलांवरच्या गोळ्या लागू पडल्या तर सगळं गणित बदलतं. आजोबांचा ईजीएफआर पॉझिटिव्ह निघाला, सातव्या महिन्यात फॉलोअपला एसटीने आले. म्हणून पहिल्याच पाण्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशींचा मेणातला ठोकळा, ज्यावर जनुकांची तपासणी होते) करायला पाठवा. लिटरभर पाणी बेसिनमध्ये ओतून नंतर बायोप्सीसाठी धावणारे मी पाहिलेत.

2018 चा प्रॉमिस हा दुसरा स्कोअर तीन महिन्यांत मृत्यूचा धोका किती ते सांगतो. त्याचं आणि लेंटचं उत्तर एकमेकांत मिसळू नका.

शेवटचं, मीडियन. 44 म्हणजे निम्मे त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात. मी दिवस सांगतच नाही, ‘आठवडे’ किंवा ‘महिने’ म्हणतो. आठवडेच दिसत असतील तर लागेल तसं सुईने पाणी काढत राहतो. महिने असतील आणि फुप्फुस फुलत असेल, तर टाल्कचा (पाणी पुन्हा साचू नये म्हणून पावडर सोडून फुप्फुस छातीला चिकटवण्याचा) विषय काढतो. त्याआधी एवढंच विचारतो, घरात काही कार्य ठरलंय का?