मोठी विज्ञानकथा-मालिका सुरू करताय? या चुका टाळा

"क्रमाने वाचू ना?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या क्रमाने? लिहिल्याच्या की कथेतल्या काळाच्या? बहुतेकांना हे दोन वेगळे असतात हेच माहीत नसतं.

कथेतल्या काळाने जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ती मी स्वतः दुसऱ्याला करायला लावली आहे. मावसभावाला आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिका वाचायची होती. मी उत्साहाच्या भरात त्याला कालक्रमाने यादी काढून दिली. अशी यादी खुद्द असिमॉव्हने 'प्रील्यूड टू फाउंडेशन'च्या सुरुवातीला दिली आहे, म्हणून मीही निर्धास्त. भावाने 'प्रील्यूड'पासूनच सुरुवात केली. आता हे पुस्तक १९८८ चं, मूळ 'फाउंडेशन'नंतर ३७ वर्षांनी आलेलं. शेवटाकडे एका पात्राची खरी ओळख उघड होते आणि जुना वाचक खुर्चीतून उडतो. भावाचा फोन आला, "अरे, हा कोण? मी याला ओळखायला हवं होतं का?"

मग साहेबांनी यादीतलं दुसरं पुस्तक परस्पर गाळून १९५१ चं मूळ 'फाउंडेशन' उघडलं. लगेच दुसरा फोन, "सेल्डन कुठे गेला?" 'प्रील्यूड'मध्ये अख्खं पुस्तकभर ज्या नायकाचं बोट धरून चालला, तो सेल्डन इथे पहिल्या भागानंतर संपला आणि गोष्ट ५० वर्षं पुढे गेली. पुस्तक परत आलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे काहीच मागितलेलं नाही.

आता मी १९५१ चं पुस्तक सरळ हातात देतो आणि सांगतो, ही कादंबरी समजू नकोस. या पाच कथा आहेत, त्यातल्या चार आधी मासिकात आलेल्या. माणसं बदलत राहतील, त्यांच्यात जीव अडकवू नकोस.

म्हणजे नेहमी पहिलं पुस्तकच घ्यायचं, असंही नाही. इयन एम. बँक्सच्या 'कल्चर' मालिकेतल्या पहिल्या कादंबरीचा नायक कल्चरच्याच विरोधात लढतो. ज्या संस्कृतीची ओळख व्हायला हवी ती शत्रूच्या नजरेतून दिसते. म्हणून मी त्याच मालिकेतलं १९८८ चं 'द प्लेअर ऑफ गेम्स' देतो. आधीचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. माझी कसोटी तेवढीच.

पडद्यावरही तेच. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही-मालिका १९६३ पासून बघायला बसू नका, सुरुवातीच्या वर्षांतले कित्येक भाग उपलब्धच नाहीत. २००५ पासून धरा. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चे १७८ भाग आहेत. तिसऱ्या सीझनपासून बघा, पहिला मागाहून, प्रेमापोटी सहन होतो.

अख्खा संच आधीच विकत घेणं: नको.

'दहा मिनिटांत संपूर्ण कथा' छापाचे व्हिडिओ: मग वाचताच कशाला?

आणि शेवटची चूक, परिशिष्ट आधी वाचणं. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीच्या मागे शब्दकोश आहे. नवखे लोक परीक्षेसारखे तो पाठ करतात, चाळिसाव्या नोंदीला कंटाळतात आणि पुस्तक अवघड आहे म्हणून सांगत सुटतात. शब्द अडला तर पुढे जा, पन्नास पानं कळलं नाही तरी चालतं. पहिल्याच प्रकरणात 'गोम जब्बार' कानावर पडतं, तेव्हा ते काय असतं हे नायक पॉललाही माहीत नसतं. तोही अंथरुणात पडून तेच कोडं घोळवत असतो.