जुन्या मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडत नसेल तर : माझा अनुभव

स्मिथ अँड वेसन कंपनीच्या एन फ्रेमचे (मोठ्या सांगाड्याचे), १९६० पूर्वीचे रिव्हॉल्व्हर दुरुस्त करताना त्याचे सिलिंडर काही फेऱ्यांनंतर जड फिरू लागे आणि अंगठ्याचा खटका दाबूनही बाहेर येत नसे. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखालचा मळ काढला, तेल दिले, क्रेन (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलते तो हात) वाकली आहे का तेही तपासले. तीन आठवडे हाती केवळ निराशा आली.

कारण होते एजेक्टर रॉड, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरला जोडलेला, पुंगळ्या काढताना दाबायचा दांडा. आधीच्या कोणीतरी तो पुरेसा आवळलेला नसल्याने आटे सुटून त्याची लांबी किंचित वाढली होती आणि त्याचे टोक नळीखालच्या लॉकिंग बोल्टवर (सिलिंडर बंद धरून ठेवणाऱ्या खिट्टीवर) दाबले जात होते.

रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री करून मी सिलिंडर क्रेनसह काढले. एक्स्ट्रॅक्टरच्या बारीक पिनांवर ताण येऊ नये म्हणून सिलिंडरच्या तीन घरांत (काडतुसांच्या भोकांत) रिकाम्या पुंगळ्या बसवल्या. ही पायरी कधीही गाळू नये. रॉड चामडे लावलेल्या व्हाइसमध्ये धरून सिलिंडर हाताने फिरवले. या काळातील आटे उजवे (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) असतात, तर १९६० च्या सुमारास कंपनीने ते डावे केले. म्हणून दिशा आधी ठरवावी, अन्यथा आटे कायमचे खराब होतात. दोन्हीकडचे आटे स्पिरिटने पुसून, पूर्ण सुकल्यावर कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब लावला, कारण जास्त झाल्यास तो पोकळ रॉडमध्ये झिरपून त्यातली सरकणारी सेंटर पिन चिकटवतो. पुंगळ्या तशाच ठेवून रॉड आवळला, पिन मोकळी सरकते हे लगेच पाहिले आणि चोवीस तासांनी तेल दिले.

आता सिलिंडर हलक्या दाबाने उघडते.