‘मोगरा’ नको, ‘मोगऱ्याला कळ्या येत नाहीत’ हवं: कीवर्ड शोधताना या चुका टाळा

कुंडीतल्या बागेबद्दल मी मराठीत लिहायला लागले, तेव्हा ‘मोगरा’ या एका शब्दाच्या भरवशावर मोठा लेख टाकला होता. मन लावून लिहिला, पण शोधातून कुणी आलंच नाही. ‘मोगरा’ टाइप करणाऱ्यांपैकी कुणाला गजरा हवा असतो, कुणाला अत्तर, कुणाला फोटो, तर कुणाला रोप विकत घ्यायचं असतं. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता. ज्यांच्या मोगऱ्याला नुसती पानं फुटतात आणि कळी दिसत नाही, त्यांच्यासाठी तो होता. कुंडी सावलीत असणं, हिवाळा संपताना छाटणी न होणं, नत्राचं खत जास्त पडणं, ही सगळी कारणं त्यात होती. पण ती तिसऱ्या परिच्छेदात, आणि शीर्षकात प्रश्नाचा पत्ताच नव्हता.

म्हणून कीवर्ड, म्हणजे वाचक शोधताना टाइप करतो तो शब्द, पक्का करण्याआधी ब्राउझरच्या खाजगी विंडोत तो स्वतः शोधून बघा. पहिल्या पानावर दुकानं आणि फोटोच दिसत असतील, तर तिथे तुमच्या लेखाला जागा नाही. शब्दाला अडचण जोडा आणि पुन्हा शोधा.

पुस्तकी नाव धरून बसणं

मराठीत लिहिणाऱ्यांची ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. जास्वंदावरच्या किडीला कृषी पुस्तिकेत ‘पिठ्या ढेकूण’ म्हणतात. गॅलरीत एकच जास्वंद असलेल्या बाईंना ते नाव माहीत असेलच असं नाही. त्या ‘जास्वंदाला पांढरं कापसासारखं काय लागलंय’ असं विचारतात. मिरचीची पानं आखडली की कुणी ‘चुरडा-मुरडा’ म्हणतं, कुणी ‘बोकड्या’. एका घरात कढीपत्ता, दुसऱ्या घरात कढीलिंब. हे सगळे शब्द लेखात नैसर्गिकपणे यायला हवेत, आणि ते कीवर्ड शोधायच्या टूलमध्ये सापडण्याआधी माणसांच्या तोंडी सापडतात. नर्सरीत गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाडाचा फोटो टाकून लोक खाली जे वाक्य लिहितात, ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. माझे चांगले चाललेले बहुतेक लेख अशाच वहीतून आले आहेत.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे इंग्रजी यादीचं भाषांतर. ‘अंतर्गत वनस्पती काळजी टिपा’ असं कोण शोधतं? ‘घरात ठेवायची झाडं’ असं शोधतात. शिवाय बरेच जण मराठीच, पण रोमन लिपीत टाइप करतात. गुगलच्या शोधपेटीत दोन्ही लिपींत दोन-दोन शब्द टाकून खाली येणाऱ्या सूचना वेगवेगळ्या नोंदवा. अधूनमधून हिंदी सूचना घुसतात, त्या गाळा.

आकड्यांचा चुकीचा अर्थ

गुगल कीवर्ड प्लॅनरमध्ये (जाहिरातदारांसाठीचं गुगलचं टूल) ‘स्पर्धा: कमी’ दिसलं की नवखे खूश होतात. तो रकाना जाहिरातदारांमधली स्पर्धा सांगतो. लेख वर येणं सोपं की अवघड, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्यात शोधांचा नेमका आकडाही सहसा मिळत नाही, ‘१०–१००’ असा ढोबळ पल्ला दिसतो. शब्दाचा शोध कधी वाढला, कधी घटला ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सचा १०० हाही शोधांचा आकडा नव्हे. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचे बिंदू त्याच्या तुलनेत मांडलेले असतात.

आणि शून्य दिसलं म्हणून शब्द टाकून देऊ नका. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध याआधी कधीच झालेले नसतात, असं गुगलनेच सांगितलं आहे. मराठीतले लांबलचक प्रश्न टूलच्या जाळ्यात फारसे येत नाहीत. तीच तर छोट्या ब्लॉगची जागा आहे.

‘ऱ्या’ची भानगड

यादी एक्सेलमध्ये टाकली, दुबार नोंदी काढल्या, तरी ‘मोगऱ्याला’ दोनदा दिसतो? डोळ्यांना फरक कळत नाही, पण युनिकोडमध्ये हा ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. आधी शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करा, मग मोजणी करा. ‘कसे’ आणि ‘कसं’ यांच्या नोंदीही एकत्र बघा.

लेख आहे, तरी वाचक येत नाहीत

ब्लॉगच्या जुन्या थीममधली ‘मेटा कीवर्ड’ची चौकट (पानाच्या कोडमध्ये कीवर्ड लिहायची जागा) भरत बसू नका. क्रमवारीसाठी ती वापरत नसल्याचं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तो वेळ सर्च कन्सोलला द्या, म्हणजे तुमचा ब्लॉग कोणत्या शोधांत दिसला ते दाखवणाऱ्या गुगलच्या टूलला. तिथे गेल्या १६ महिन्यांपर्यंतचे शोध दिसतात, फक्त अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी झाकलेले असतात. ज्या शोधांत तुमच्या लेखाचा सरासरी क्रमांक ८ ते २० आहे, ते वेगळे काढा. तुम्ही न लिहिलेला प्रश्न तिथे दिसला, तर त्याचं उत्तर त्याच लेखात, ठळक उपशीर्षकाखाली घाला.

एकाच शोधासाठी तुमचे दोन लेख आलटून पालटून दिसत असतील, तर प्रश्न एकच असताना तुम्ही दोनदा लिहिलं आहे. माझ्याकडे ‘कढीपत्ता वाढत नाही’ आणि ‘कढीलिंबाची वाढ खुंटली’ असे दोन लेख होते. चांगला ठेवला, दुसऱ्यातला उपयोगी मजकूर त्यात हलवला आणि जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे तिथे येणारा वाचक आपोआप ठेवलेल्या लेखावर जातो.