प्रोटीन पावडर, व्यायाम आणि पुरुषी हार्मोन्स: खान्देशातल्या पोरांनो, या चुका टाळा

अमळनेर, चाळीसगाव, शहादा, शिरपूर. आता तालुक्याच्या गावातही जिम आहे आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बॅगेत प्रोटीनचा डबा आहे. डब्यासोबत एक भीतीही आली. “भो, पावडर खाईसन मर्दानगी जास का?” हा प्रश्न मैदानावर सतत कानावर येतो, आणि विचारणाऱ्याला खरोखर काळजी असते. लग्नाचं वय, घरच्यांची नजर, आणि बोलायचं कोणाशी ते कळत नाही.

उत्तर सरळ आहे. चांगल्या प्रतीच्या प्रोटीन पावडरने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन, जात नाही, आणि वाढतही नाही. पनीर किंवा चीज करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्यातली प्रथिनं वेगळी काढून वाळवली की व्हे प्रोटीन तयार होतं. तो आहार आहे, हार्मोन नाही. नुकसान होतं ते डब्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनी.

आधी शरीरातली यंत्रणा समजून घ्या. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे दोन संदेश पाठवते. एलएचमुळे वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणू घडवतात, आणि एका शुक्राणूला घडायला साधारण अडीच महिने लागतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की मेंदू संदेश कमी करतो. शेतातल्या टाकीवरच्या ऑटो स्विचसारखं हे काम आहे: टाकी भरली की विहिरीवरची मोटर बंद. बाहेरून टँकर ओतत राहिलात तर मोटर सुरूच होणार नाही.

जिममधलं ‘इंजेक्शन’ म्हणजे तो टँकर

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. महिना-दोन महिने पावडर खाऊन दंड भरत नाहीत, मग कोणीतरी सांगतो की एक ‘सायकल’, म्हणजे काही आठवड्यांचा इंजेक्शनांचा कोर्स, मार, बॉडी फुटेल. कुपीत टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचा भाऊबंद असलेलं अॅनाबॉलिक स्टेरॉइड असतं. स्नायू वाढतात हे खरं, म्हणूनच पोरं फसतात. पण मेंदूकडून एलएच आणि एफएसएच येणं बंद होतं, वृषणं लहान होतात, शुक्राणूंची संख्या घसरते आणि काहींच्या बाबतीत शून्यावर जाते. ‘मर्दानगी वाढवणारं’ म्हणून जे टोचून घेतलं, त्याच हार्मोनचा पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अभ्यास झाला आहे. यावरून काय ते ओळखा.

जादाच्या टेस्टोस्टेरॉनपैकी काही भागाचं शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, होतं. त्यातून निपलखाली दुखरी गाठ येते, छाती बायकी दिसू लागते. रक्त घट्ट होतं, पाठीवर पुटकुळ्या उठतात, चिडचिड वाढते. इंजेक्शन थांबवल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लगेच सुरू होत नाही. मधल्या काळात गळून गेल्यासारखं वाटतं, इच्छा मरते, मन उदास होतं, आणि पोरगा पुन्हा कुपीकडे वळतो. बहुतेकांची यंत्रणा काही महिन्यांत सावरते, काहींना वर्षाहून जास्त लागतं, काहींची पूर्वीसारखी होतच नाही.

आधीच घेत असाल तर लपवू नका. जिममधल्या मित्राने दिलेल्या ‘पीसीटी’च्या, म्हणजे सायकलनंतर घ्यायच्या, गोळ्या मनाने गिळू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) किंवा युरोलॉजिस्टला (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) काय घेतलं, किती आणि कधीपासून, हे स्पष्ट सांगा. डॉक्टर रागावतील या भीतीने अर्धवट सांगितलं तर उपचारही अर्धवट होतात.

उपाशी पोटी जोर

दुसरी चूक भरतीच्या पोरांत जास्त दिसते. सकाळी १६०० मीटरचा सराव, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी जिम, आणि वजन उतरवायचं म्हणून भाकरी बंद, तेल बंद, फक्त पावडर आणि उकडलेली अंडी. पहिले काही आठवडे पोट आत जातं, आरसा खूश होतो. मग धावण्याची वेळ सुधारायची थांबते, दुखणं भरून येत नाही, झोप उडते, सकाळचा ताठरपणा कमी होतो. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि खर्च होणारी ऊर्जा यांचा मेळ बसत नाही, तेव्हा मेंदू प्रजननाचं काम मागे ठेवतो आणि टेस्टोस्टेरॉन खाली येतं. पोरगा मात्र डब्याला दोष देतो.

यावर उपाय म्हणजे पोटभर जेवण. वजन उतरवायचंच असेल तर हळू उतरवा, भाकरी अर्धी करा पण बंद करू नका, शेंगदाणे आणि थोडं तूप ताटात राहू द्या. आठवड्यातून एक पूर्ण दिवस विश्रांती घ्या. रावेर-यावलची केळी घरात असतील तर सरावानंतर दोन खा. केळ्यात प्रथिनं नावालाच असतात, पण त्या वेळी शरीराला पिष्टमय पदार्थच हवे असतात.

पोट खूप सुटलेल्याचं गणित उलटं असतं. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतात. त्याने वजन उतरवलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं, त्यासाठी कसलीच गोळी लागत नाही.

डबा हवा की नको, हे ताट बघून ठरवा

साधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस. वजनं उचलणाऱ्याला सुमारे १.६ ग्रॅम पुरतात, त्याहून जास्त खाऊन बहुतेकांचे स्नायू आणखी वाढत नाहीत. म्हणजे ७० किलोच्या पोराला ११२ ग्रॅम.

आता आपलं ताट मोजू. दिवसभरात तीनशे ग्रॅम कळण्याचं, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, पीठ खाल्लं तर तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीतून, मग ती उडदाची घोटलेली असो की कढीसोबतचे फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके), बावीस. अर्धा लिटर दूध सोळा. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे बारा. तीन अंडी अठरा. झाले जवळपास शंभर. उरलेल्यासाठी पावडरचा अर्धा स्कूप (डब्यातलं माप) पुरतो, किंवा मूठभर फुटाणे. दिवसाला तीन-तीन स्कूप घेणारे पैसे वाया घालवतात.

कळण्याच्या भाकरीबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण शहरात शिकायला गेलेली पोरं ती गावाकडची म्हणून सोडून देतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, ते उडदात भरपूर असतं. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र दळून आपल्या आजीने जे केलं, ते प्रथिनांच्या दृष्टीने अगदी नेमकं आहे.

सोयाबीनची भीतीही सोडा. सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. सोया वडीच्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या आसपास प्रथिनं असतात आणि ती डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

स्वस्त, सुटा, सील फुटलेला डबा

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी प्रयोगशाळेत पाहिल्या गेल्या. त्यातल्या २५ डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता, आणि काहींत बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिनही सापडलं. प्रथिनं मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात, म्हणून ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती वेगळी लिहिलेली दिसली तर डबा परत ठेवा. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. ‘टेस्टो बूस्टर’ नावाच्या डब्यांत जडीबुटीचं मिश्रण असतं आणि अशा मिश्रणांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. ते घेऊच नका.

पावडरीने पोट फुगत असेल तर बहुतेक वेळा कारण दुधातली साखर, लॅक्टोज, असतं. आयसोलेट (लॅक्टोज जवळपास काढून टाकलेला) प्रकार घ्या किंवा दुधाऐवजी पाण्यात मिसळा.

झोप आणि ऊन

रात्री एकपर्यंत मोबाइल, पहाटे पाचला मैदान. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. सात-आठ तास झोपल्याशिवाय डबा, डाळ, अंडी सगळं अपुरं आहे. वृषणाचं तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी कमी राहावं लागतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ कडे जातो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या जिममध्ये घट्ट लंगोट आवळून व्यायाम नको. सराव सकाळी करा, नंतर सैल कपडे घाला, पाणी भरपूर प्या.

तपासणीतल्या चुका

थकवा, इच्छा कमी होणं, दाढी विरळ होणं महिनोन् महिने टिकलं तर तपासणी जरूर करा, पण नीट. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशी पोटी द्यायचं. संध्याकाळी दिलेल्या रक्तात ते कमीच दिसतं. एकदा कमी आलं तर वेगळ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा करा. ताप, आजारपण किंवा रात्रभर जागरण झालेलं असताना करू नका. गेनर (वजन वाढवायची पावडर) किंवा केसांच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असेल तर अहवाल चुकू शकतो, म्हणून ते आधी किती दिवस बंद ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा. ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर दिसतं. किडनी गेली असं समजून घाबरू नका, पण घेतोय हे सांगा.

मूल होण्याची चिंता असेल तर नुसतं टेस्टोस्टेरॉन पाहून कळत नाही. वीर्य तपासणी लागते, आणि त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. जाताना पावडरीचा डबा, गोळ्यांची पाकिटं आणि इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचं नाव सोबत न्या.